ठिणगीचे व्होल्ट विचारलेत, तिचे जूलही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: शालेय विज्ञान प्रदर्शनांतील उच्च विद्युतदाबाचे प्रकल्प

शालेय विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून एका लहानशा परंतु माझ्या मते महत्त्वाच्या बाबीकडे आपल्या स्तंभातून लक्ष वेधू इच्छितो. मी एका तंत्रशाळेत ३४ वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो असून गिरगावातील एका जुन्या चाळीत राहतो. गेल्या वर्षी आमच्याच मजल्यावरील नववीतील एका मुलीने घरी तयार केलेले, ठिणगी पाडून स्पिरिटचा दिवा पेटवणारे उपकरण तिच्या शाळेतील निवड फेरीत ‘हे हाय व्होल्टेज आहे’ एवढ्या एका वाक्यावर बाजूला ठेवण्यात आले. त्याच सभागृहात, दोन टेबले सोडून, धरणाची एक सुबक प्रतिकृती मांडली होती. तिच्यातील पाण्याचा पंप भिंतीवरील २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट जोडलेला होता, वायरींची टोके पिळून त्यांवर सेलोटेप गुंडाळलेली होती आणि धरणातून सांडलेले पाणी टेबलावरून त्या जोडाच्या दिशेने चालले होते. त्या प्रतिकृतीची निवड झाली. शाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तेथील शिक्षकांचा हेतू मुलांना जपण्याचाच होता याविषयी मला शंका नाही. माझी तक्रार आहे ती धोका मोजण्याच्या त्यांच्या मापाविषयी, आणि ते माप बहुतेक सगळीकडे तेच आहे.

उपकरणाची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण माझे म्हणणे तिच्यातूनच स्पष्ट होईल. सुरुवात स्वयंपाकघरातील लायटरपासून झाली. जुलै महिन्यात गॅसचा लायटर रुसत नाही असे घर मुंबईत विरळाच. खटका दाबला की ‘टक्’ आवाज येतो, पण ठिणगी दिसत नाही. मग घरातली बाई तो पदराने पुसते, गरम तव्याच्या झाकणावर टेकवते, नाहीतर शेजारच्या पेटत्या बर्नरपासून हातभर अंतरावर धरून शेकते. ‘आजोबा, आवाज येतो म्हणजे आतले बिघडलेले नाही, मग ठिणगी जाते कुठे?’ असे या मुलीने मला विचारले. प्रश्न इतका नेमका होता की मी एक जुना लायटर उघडूनच तिच्यापुढे ठेवला. आत एक स्प्रिंग, एक इवलीशी हातोडी आणि शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून बनवलेला, खडूच्या तुकड्यासारखा दिसणारा सिरॅमिकचा दंडगोल असतो. काही स्फटिक दाबले असता त्यांच्या दोन बाजूंवर विद्युतभार गोळा होतो, हे पिअर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. लायटरमधील हातोडीचा फटका नेमके तेच करतो आणि क्षणभर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. मात्र त्यामागचा विद्युतभार अगदी मूठभर असतो. दमट हवेत लायटरच्या आतील प्लॅस्टिकवर आणि सिरॅमिकवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो, त्यात स्वयंपाकघरातील तेलकट वाफेची व मिठाची भर असते, आणि तो मूठभर भार टोकापर्यंत पोहोचण्याआधीच या थरावरून गळून जातो. ठिणगी कुठेही जात नाही. ती पडण्याइतका दाब साचतच नाही.

तिला मग पावसाळ्यातही हमखास ठिणगी देणारे, बॅटरीवर चालणारे उपकरण बनवायचे होते. पहिली खेप आम्ही लॅमिंग्टन रोडची केली. (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचे अधिकृत नाव, परंतु त्या नावाने तेथे सुटे भाग विचारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.) काउंटरवरच्या मुलाने आमचे पूर्ण ऐकून न घेताच काळ्या रेझिनमध्ये बुजवलेला, चार वायरी बाहेर आलेला, सेलच्या दाबातून उच्च दाब तयार करणारा एक ठोकळा पुढे केला. त्याच्या पाकिटावर चक्क ‘४ लाख व्होल्ट’ असे छापलेले होते. अशा ठोकळ्यांना मॉड्यूल म्हणतात. ते ऑनलाइनही सर्रास मिळतात आणि शाळेच्या प्रदर्शनांत आज दिसणारे ठिणगीचे निम्मे-अधिक प्रकल्प याच ठोकळ्याला दोन सेल आणि एक बटण जोडून तयार झालेले असतात, असा माझा अनुभव आहे.

या ४ लाखांचा हिशेब आम्ही जिन्यात बसून केला. कोरड्या हवेत दोन सपाट, समांतर पृष्ठांमध्ये ठिणगी पडण्यासाठी दर मिलिमीटरला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे खरोखरच ४ लाख व्होल्ट असतील तर ठिणगीने सुमारे १३ सेंटिमीटरची फट ओलांडायला हवी, आणि टोकदार वायरींमध्ये तर त्याहूनही बरीच मोठी, कारण टोकापाशी विद्युतक्षेत्र एकवटते व हवा लवकर हार मानते. ठोकळ्याची ठिणगी दीड सेंटिमीटरपलीकडे जाईना. टोकदार वायरींचा विचार करता दाब १५ ते २० हजार व्होल्टच्या आसपास असावा. पाकिटावरचा आकडा वीसपटीने फुगवलेला होता, आणि तो ताडून पाहण्यासाठी एक फूटपट्टी पुरली. मुलीला या हिशेबात ठिणगीपेक्षाही जास्त मजा वाटली, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

दुसऱ्याच दिवशी ठोकळा गेला. अधिक लांब ठिणगी पाहण्याच्या हौसेने तिने वायरींमधील अंतर वाढवले, ठिणगीला बाहेर वाट मिळेना, दाब चढत गेला आणि ठिणगीने आतल्या आत, वेटोळ्यातील तारेच्या दोन थरांमधून, स्वतःची वाट काढली. एकदा तेथील तारेवरचा लेप जळून कोळसा झाला की कोळशातून वीज वाहतेच. मग कितीही सेल बदला, बाहेर काही येत नाही. ठोकळा बुजवलेला असल्यामुळे काय जळले ते पाहण्याचीही सोय नव्हती. पैसे गेले याचे दुःख नव्हते. बिघाड उघडून पाहता आला नाही याचे होते.

म्हणून मग आम्ही सुट्या भागांकडे वळलो. ताडदेवच्या एका गॅरेजमधून मोडीत काढलेल्या पद्मिनी टॅक्सीची इग्निशन कॉइल, म्हणजे इंजिनाच्या प्लगला ठिणगी पुरवणारे वेटोळे, मिळाली. या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकी शेवटची नोंदणी २००३ सालची होती आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, पण त्यांची तेलाने भरलेली, दंडगोल डब्याच्या आकाराची कॉइल अजून जुन्या मेकॅनिकांच्या फळीवर सापडते. शिकण्यासाठी तिच्याइतकी चांगली वस्तू दुसरी नाही. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे काही शे वेढे आणि त्याच गाभ्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, एवढाच तिचा संसार. जाड तारेतून १२ व्होल्टचा प्रवाह सोडला की गाभ्यात चुंबकीय क्षेत्र भरते. तो प्रवाह एकाएकी तोडला की क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या टोकांवर हजारो व्होल्ट उमटतात. आयर्लंडमधील मेनूथ येथील धर्मगुरू-प्राध्यापक निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये अशी कॉइल बनवली होती. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात विनातारेच्या लहरींचे जे प्रयोग लोकांसमोर करून दाखवले, त्यांतही लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. म्हणजे जे उपकरण शाळेला इतके भयंकर वाटले, त्याची कुळी जवळजवळ २०० वर्षांची आहे.

टॅक्सीत प्रवाह तोडण्याचे काम सीबी पॉइंट, म्हणजे इंजिनाबरोबर उघडमीट करणारे धातूचे संपर्क, करत, आणि पॉइंट घासले की टॅक्सी पेडर रोडच्या चढावर आचके देई, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. आम्ही पॉइंटच्या जागी मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखा वापरता येणारा ट्रान्झिस्टर, घेतला आणि त्याला सेकंदाला ५० वेळा चालू-बंद करण्याचे काम ५५५ या टायमर आयसीला दिले. १९७०च्या दशकाच्या आरंभी बाजारात आलेली ही आयसी आजही दहा-पंधरा रुपयांना मिळते, आणि मी शिकवलेल्या प्रत्येक तुकडीचा पहिला मित्र तीच असे.

मॉस्फेट मात्र आमचे दोन जळाले. काउंटरवरच्या मुलाने सर्वांत जास्त खपणारा आयआरएफ ५४० दिला होता. तो २५-३० अँपिअर सहज पेलतो, त्यामुळे आपल्या ३ अँपिअरला तो भरपूर झाला असे कुणालाही वाटेल. परंतु तो सहन करतो फक्त १०० व्होल्ट. प्रवाह तुटतो त्या क्षणी जाड तारेच्या, म्हणजे आपल्याला निरुपद्रवी वाटणाऱ्या १२ व्होल्टच्या बाजूलाही, ३०० व्होल्टच्या आसपासचा झटका परत येतो. मॉस्फेट १०० च्या थोडे वर जाताच स्वतःच वाहू लागतो, झटका तिथेच दबतो, ठिणगी मरतुकडी पडते आणि ठिणगीत जायची ऊर्जा मॉस्फेटमध्ये उष्णता होऊन बसते. पहिला मॉस्फेट मिनिटाभरात बोटाला चटका देण्याइतका तापला आणि गेला. दुसरा हीट सिंक लावूनही दहा मिनिटांच्या पुढे टिकला नाही. तिसऱ्या खेपेला तिने दुकानात स्वतः डेटाशीट, म्हणजे त्या भागाच्या मर्यादांचा तक्ता, मागितली, ५०० व्होल्ट सहन करणारा आयआरएफ ८४० घेतला आणि त्याच संध्याकाळी पहिली निळी, खणखणीत ठिणगी पडली. शेजारच्या खोलीत मीडियम वेव्हवर आकाशवाणी लागलेली होती. तिच्यातून ठिणगीच्या तालावर खरखर सुरू झाली आणि शेजारचे काका ‘काय चाललंय?’ म्हणत बाहेर आले. खोलीत झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा ओझोनचा वास भरला होता.

तरीही काम संपले नव्हते, कारण ऑगस्ट अजून जायचा होता. एका रात्री ठिणगी पुन्हा मंदावली. मी खोलीतला दिवा मालवायला सांगितला. डोळे अंधाराला सरावल्यावर आम्हाला दिसले की, सर्किटसाठी वापरलेल्या तपकिरी बोर्डच्या पृष्ठभागावरून, मुळांसारखी फाटे फोडत, एक जांभळी रेघ सरपटत होती. ती कॉइलकडून निघून बोर्डच्या कडेला असलेल्या स्क्रूपर्यंत जात होती. लायटरमध्ये जे घडते ते येथे उघड्या डोळ्यांनी दिसत होते. समुद्रावरून येणारी खारी, दमट हवा बोर्डवर बसते, तिच्यातून थोडी वीज सरकते, सरकताना बोर्डचा पृष्ठभाग करपतो, आणि करपलेल्या वाटेवरून पुढच्या वेळी अधिक वीज सरकते. आम्ही उच्च दाबाची बाजू बोर्डवरून पूर्णपणे उठवली, कॉइलच्या तोंडापासून ठिणगीपर्यंत गाडीच्या प्लगची जाड केबल नेली आणि जोडाभोवती मेणबत्तीचे मेण वितळवून ओतले. मेण स्वस्त आहे, पाणी धरत नाही आणि चूक सापडली तर खरवडून काढता येते. रेझिनच्या काळ्या ठोकळ्यात ही शेवटची सोय नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे उपकरण किती धोकादायक आहे? शाळेने उत्तर दिले: हजारो व्होल्ट. परंतु हजारो व्होल्ट लायटरमध्येही आहेत, आणि तो लायटर प्रत्येक घरात लहान मूलही हाताळते. शरीराला इजा करतो तो शरीरातून वाहणारा प्रवाह आणि तो किती काळ वाहतो ती मुदत. एकेका ठिणगीच्या बाबतीत या दोहोंचा अंदाज तिच्यात साठवलेल्या ऊर्जेवरून येतो. ही ऊर्जा जूलमध्ये मोजतात, आणि जूल हे एकक नववीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठात या मुलीने तेव्हा नुकतेच शिकलेले होते. आमच्या कॉइलच्या जाड वेटोळ्याचे प्रवर्तन (चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता) मीटरवर सुमारे ८ मिलिहेन्री भरले आणि प्रवाह तोडतेवेळी ३ अँपिअर असे. प्रवर्तनाचे निम्मे घेऊन त्याला प्रवाहाच्या वर्गाने गुणले की एका ठिणगीमागे ०.०३६ जूल येतात, आणि प्रत्यक्ष ठिणगीत त्याहून कमीच पोहोचतात. पाच ग्रॅमची गोटी पाऊण मीटरवरून बोटावर पडली तर जेवढी ऊर्जा देते, साधारण तेवढी ही झाली.

याउलट जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधील कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, घ्या. त्यावर फक्त ३०० व्होल्ट असतात, म्हणजे आमच्या ठिणगीच्या पासंगालाही न पुरणारा आकडा. परंतु तो १०० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात साडेचार जूल भरलेले असतात, आमच्या एका ठिणगीच्या सव्वाशेपट. तो कॅमेरा बंद करून ठेवल्यावरही बराच वेळ भरलेला राहू शकतो. आणखी एक उदाहरण मायक्रोवेव्ह ओव्हनमधील ट्रान्सफॉर्मरचे. त्याचा दाब सुमारे २,००० व्होल्ट, म्हणजे आमच्या कॉइलच्या दशांश. परंतु तो भिंतीवरील सॉकेटमधून हवी तितकी वीज खेचू शकत असल्याने एका स्पर्शात माणूस जातो. हा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या नादात परदेशांत अनेकांचे प्राण गेले, आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदी घातली. व्होल्टच्या आकड्यावर क्रम लावला तर लायटर आणि आमची कॉइल वर येतात, मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर खाली जातो आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, येतो भिंतीवरचा २३० व्होल्टचा सॉकेट. मृत्यूचा क्रम याच्या जवळजवळ उलटा आहे.

धरणाच्या प्रतिकृतीविषयी माझा जीव टांगणीला लागला होता तो यामुळेच. पाय ओल्या जमिनीवर असताना ओल्या हाताने फेजची तार धरली गेली आणि शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास आला, तर २३० व्होल्ट शरीरातून २३० मिलिअँपिअर ढकलतात. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली तार सोडवत नाही. शाळेच्या बोर्डातील एमसीबी (जादा प्रवाह वाहताच वीज तोडणारी कळ) अशा वेळी पडेल असे पुष्कळांना वाटते, परंतु ती १६ अँपिअरची असते आणि वायर जळू नये म्हणून बसवलेली असते. २३० मिलिअँपिअरची तिला दखलही नसते. माणसाला वाचवते ती जमिनीकडे ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी, आणि ती त्या सभागृहाच्या बोर्डात बसवलेली नव्हती. मी समारंभ संपल्यावर जाऊन पाहून आलो.

माझ्या लिहिण्याचा असा अर्थ कुणी घेऊ नये की घरगुती ठिणगी म्हणजे खेळणे आहे. ०.०३६ जूलची एक ठिणगी फार तर दचकवते, पण सेकंदाला अशा ५० ठिणग्या बोटातून गेल्या तर ते अतिशय वेदनादायक असते, दचकून मागे गेलेला हात दुसऱ्याच कशावर तरी आपटतो, आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी अशा उपकरणाच्या जवळपासही थांबू नये. आमच्या चाळीत असे एक गृहस्थ असल्यामुळे सगळे प्रयोग माझ्या खोलीत, दार लावून झाले. शिवाय ठिणगीचा खरा धोका पुष्कळदा विजेचा नसून आगीचा असतो, आणि या बाजूविषयी शाळेने एकही प्रश्न विचारला नाही, याचे मला अधिक आश्चर्य वाटले.

स्वयंपाकाचा गॅस हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला असेल तर तो पेटायला एक चतुर्थांश मिलिजूलच्या आसपासची ठिणगी पुरते. आमची ठिणगी त्याच्या शंभरपटीहून मोठी होती. म्हणजे शेगडीसाठी एवढ्या ठिणगीची गरजच नाही. गरज असते ती फटीची. ठिणगीची दोन टोके दोन मिलिमीटरपेक्षा जवळ असतील तर नुकत्याच जन्मलेल्या ज्वाळेची उष्णता धातूची टोकेच शोषून घेतात आणि ठिणगी दिसूनही गॅस पेटत नाही. मुलीची पहिली मांडणी याच कारणाने फसत होती. टोके तीन-चार मिलिमीटरवर नेल्यावर स्पिरिटचा दिवा पहिल्याच ठिणगीत पेटला. स्पिरिटची वाफ मुंबईच्या नेहमीच्या तापमानाला पेटण्याइतकी दाट असते, रॉकेलची तशी नसते, आणि म्हणून वाटीतील रॉकेलवर ठिणग्या पाडूनही ते पेटत नाही, हेही तिने माझ्यासमोर करून पाहिले. याच्या बळावर रॉकेल सुरक्षित आहे असा निष्कर्ष मात्र तिने काढू नये म्हणून मला अर्धा तास खर्चावा लागला.

हे उपकरण घरच्या शेगडीवर वापरण्याची परवानगी मी तिला दिली नाही आणि तिच्या आईनेही दिली नसती. स्वयंपाकघरासाठी बाजारातला साधा लायटर पुरेसा आहे. फक्त पावसाळ्यात तो रुसला की आपण जे करतो ते चुकीचे आहे: गॅसची कळ फिरवून ठेवायची आणि मग लायटर टकटकत बसायचे. तेवढ्या वेळात सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे ओट्याखाली आणि जमिनीलगत साचतो. पाइपमधून येणारा गॅस हलका असल्याने वर, माळ्याच्या दिशेने जातो. आणि बाराव्या-तेराव्या खटक्याला ठिणगी पडते तेव्हा ती केवळ बर्नर पेटवत नाही. आधी लायटर बर्नरपासून दूर धरून ठिणगी पडते आहे का ते पाहावे आणि मगच कळ फिरवावी. गॅसचा वास आलाच तर पंखा-दिव्याच्या बटणालाही हात लावू नये, कारण बटणाच्या आत पडणारी किरकोळ ठिणगीही त्या चतुर्थांश मिलिजूलच्या वर असते. खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि सिलिंडरचा गॅस असेल तर १९०६ या क्रमांकावर, पाइपचा असेल तर गॅस कंपनीला कळवावे.

मुलीने उपकरणाची शेवटची मांडणी कशी केली तेही सांगतो, कारण परीक्षकांना खरे पाहायला हवे होते ते हेच. वीज येते १२ व्होल्टच्या बॅटरीतून आणि तिच्या तोंडाशीच फ्यूज आहे. भिंतीच्या सॉकेटशी कसलाही संबंध नाही. कॉइल आणि ठिणगीची जागा पारदर्शक अक्रिलिकच्या पेटीत आहे, पेटीत बोट जाईल असे भोक नाही, आणि झाकण उचलताच बॅटरी तोडणारा छोटा स्विच झाकणाखाली बसवला आहे. ठिणगी दाबलेले बटण सोडले की थांबते. चालू ठेवून दुसरीकडे जाता येणार नाही अशी ही योजना आहे. स्पिरिटचा दिवा शाळेच्या प्रयोगशाळेतला, त्यात चमचाभर स्पिरिट, आणि बाटली टेबलावर नाही. यातले झाकणाचे आणि बटणाचे डोके सर्वस्वी तिचे आहे. मी सुचवलेला स्विच याहून वाईट होता, हे कबूल केले पाहिजे.

निवड फेरीत यातले काहीच पाहिले गेले नाही. तिला विचारलेला एकमेव प्रश्न ‘किती व्होल्ट?’ हा होता. तिने प्रामाणिकपणे ‘साधारण वीस हजार’ असे सांगितले आणि विषय संपला. तिने तयार ठोकळा आणून त्यावरचे ‘४ लाख’ खोडून काढले असते आणि ‘दोन सेलवर चालते’ एवढेच सांगितले असते, तर प्रकल्प बहुधा पुढे गेला असता. आपल्याला प्रामाणिक उत्तराची शिक्षा झाली असे नववीतल्या मुलीला वाटले, तर तिची समजूत कशी घालायची हे मला सुचले नाही.

माझ्या सूचना मोजक्या आहेत. प्रदर्शनाच्या प्रवेश अर्जात आज ‘वापरलेले साहित्य’ असा एकच रकाना असतो आणि मुले त्यात पुठ्ठा, वायर, फेविकॉल असे लिहून मोकळी होतात. विजेच्या प्रत्येक प्रकल्पासाठी, मग तो ठिणगीचा असो की धरणाचा, वीज कोठून येते, उपकरणात एका वेळी जास्तीत जास्त किती जूल साठतात, उघड्या भागांना आवरण काय आहे आणि वीज बंद केल्यावर साठलेली ऊर्जा कशी रिकामी होते, एवढे विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे. थेट सॉकेटवर चालणारे कोणतेही उघडे उपकरण शालेय गटात घेऊ नये. पंप, पंखा, दिवा या सगळ्यांचे काम १२ व्होल्टवर उत्तम होते. रेझिनमध्ये बुजवलेले तयार मॉड्यूल वापरायला माझी हरकत नाही, पण त्याच्या आत काय घडते ते विद्यार्थ्याला सांगता आले नाही तर त्याचे गुण द्यायचे कशाचे, याचा परीक्षकांनी विचार करावा. आणि प्रदर्शनाच्या सभागृहात टेबलांना वीज देणाऱ्या बोर्डावर आरसीसीबी असल्याची खात्री आदल्या दिवशी करून घ्यावी. तिच्यावरचे चाचणीचे बटण दाबून पाहायला एक मिनिटही लागत नाही.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकांवर यामुळे नवे ओझे पडेल, असे मला वाटत नाही. जूलची व्याख्या ते दर वर्षी फळ्यावर लिहितातच. शिवाय मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे आणि वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे. विजेच्या प्रकल्पांची तपासणी कशी करावी यावर परीक्षकांसाठी एखादे दिवसभराचे शिबिर घ्यायला याहून सोयीचे शहर देशात दुसरे सापडणे कठीण.

मुलगी आता दहावीत आहे, त्यामुळे उपकरण सध्या माझ्या फडताळात, बॅटरी काढून ठेवलेले आहे. पेटीच्या झाकणावर तिने स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे: ‘स्रोत १२ व्होल्ट बॅटरी. एका ठिणगीची ऊर्जा ०.०३६ जूल किंवा कमी. झाकण उघडल्यास बंद.’ तिचा धाकटा भाऊ येत्या वर्षी हेच उपकरण सुधारून प्रदर्शनात नेणार म्हणतो. त्या कागदावरचा मधला आकडा लिहायला त्याच्या अर्जात एक रकाना मिळावा, ही विनंती आपल्यामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तंत्रशिक्षक,
गिरगाव, मुंबई